भावजींचा हो

आमच्याकडे हो म्हणायला तोंड उघडावं लागत नाही. भुवया वर गेल्या की हो, नाक आक्रसलं की नाही. लेकरू बोलायला लागायच्या आधी एवढं शिकलेलं असतं. मी गावातल्या एकुलत्या एका दुकानात उभी असते आणि अर्धं गाव दिवसभर माझ्याशी कपाळानेच बोलतं. पण फोन आला, दिवे गेले, समोरचा माणूस पाठमोरा असला, तर आम्हीही चार लोकांसारखे तोंडाने हो म्हणतो. बोआस म्हणत नाहीत.

बोआस म्हणजे माझे भावजी, थोरल्या बहिणीचे, ताबिथेचे यजमान. हिवाळ्यात कुत्र्यांची गाडी जुंपून गोठलेल्या समुद्रावर जायचं, बर्फाला भोक पाडून हॅलिबट धरायचे, उन्हाळ्यात तेच मासे होडीतून धरायचे, हा त्यांचा जन्माचा उद्योग. तसा देवमाणूस, फक्त शब्दांच्या बाबतीत महाकंजूष. त्यांची मुलगी बिबियाने राजधानीत, नूकला असते. ती फोनवर विचारते, बाबा, गुडघा बरा आहे का, आणि हे फोन कानाला लावून भुवया वर करतात. तिकडे ती हॅलो हॅलो करत बसते. मग ताई स्वयंपाकघरातून ओरडते, "वर केल्या गं, बरा आहे." होडीतल्या रेडिओवर तर त्यांनी बोलणं कधीच सोडून दिलंय. बटण दाबून नुसतं टक टक करतात. टक टक म्हणजे ऐकलं. ऐकून काय ठरवलं ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

लग्नातही हाच प्रकार. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी विचारलं, ही ताबिथे तुला बायको म्हणून मान्य आहे का. भावजींनी भुवया वर केल्या. पाद्रीबाबा थांबले, पुन्हा विचारलं. भावजींनी आणखी वर केल्या. मागच्या बाकांवरून आम्हाला फक्त त्यांचे कान हललेले दिसले. शेवटी पाद्रीबाबा म्हणाले, "देवाने पाहिलं," आणि पुढच्या प्रार्थनेकडे वळले. लोक हसले, ताई हसली नाही. ती त्यांच्या शेजारी उभी होती, तोंड वेदीकडे करून. तिला काहीच दिसलं नव्हतं. "मी आपली पाद्रीबाबांच्या शब्दावर नांदतेय," असं ती अजून म्हणते. चेष्टेत म्हणते, पण म्हणायचं सोडत नाही.

आता माइकेनचं सांगते.

गावाबाहेरच्या पिवळ्या घरात दर उन्हाळ्यात डेन्मार्कचे विद्यार्थी येतात. थोरकिल म्हणून त्यांचे शिक्षक आहेत, तेच पोरं घेऊन येतात आणि तेच मोजून परत नेतात. खाडीपलीकडच्या दरीत झाडंझुडपं बघायची, हे त्यांचं काम, आणि त्यांना रोज तिकडे सोडायचं, हे भावजींचं. पोरं येतात तेव्हा हिमनग दिसला तरी ओरडतात, जाताना रडतात, आणि मधले सगळे दिवस डास मारतात. आम्हाला त्यांची सवय झाली आहे. ती आली की गावात जरा गंमत असते.

माइकेन अशीच एका उन्हाळ्यात आली. उंच, हाडापेराने मोठी, उन्हाने नाक कायम सोललेलं. तिचा अभ्यास विलोचा. आमचा विलो म्हणजे झाड म्हणायचं म्हणून झाड. बसलेलं कुत्रंही त्याच्या सावलीत मावायचं नाही. त्याच्यापुढे ही पालथी पडून तासन्‌तास फांद्या मोजायची. संध्याकाळी होडी धक्क्याला लागली की म्हातारे तिला विचारायचे, "काय, वाढलं का?" ती तोंड सरळ ठेवून सांगायची, "आज जरा दमलंय." म्हाताऱ्यांना तेवढंच हवं असायचं. आठवडाभरात ती सगळ्यांची झाली.

भावजींची तर जास्तच. होडीत ती आमच्या भाषेत आणि डॅनिशमध्ये मिळून अखंड बोलायची आणि हे सुकाणू धरून ऐकायचे. भुवयांची भाषा ती इतक्या लवकर शिकली की पिवळ्या घरात थोरकिलनी काही विचारलं तरी ही भुवया वर करायची, आणि ते वैतागून म्हणायचे, बोल ना बाई तोंडाने. संध्याकाळी ती भावजींबरोबर कुत्र्यांना खायला घालायला जायची. मग ताईकडे कॉफी. दोघं टेबलाशी समोरासमोर बसायची आणि दोन्ही कपाळं चालू. ताई म्हणायची, "घरात एक होतं ते काय कमी होतं? आता मी बोलू कोणाशी?" पण तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बिबियाने गेल्यापासून त्या टेबलाची तिसरी खुर्ची रिकामीच होती.

आणि कुत्र्यांचं एक होतं. गावातल्या तरण्या पोरांना आता बर्फावरच्या मोटारी हव्यात. कुत्री पाळायची म्हणजे रोजचं त्यांचं खाणं आलं, पट्टे शिवणं आलं, भांडणं सोडवणं आलं. आपल्यामागे ह्या कुत्र्यांचं कोणी करणार नाही, हे भावजींच्या मनाला लागून होतं. ते बोलले नाहीत, पण मला दिसायचं. माइकेन पहिल्यांदा गाडीला सर्वांत पुढे जुंपायच्या कुत्रीच्या, नेल्लेच्या, गळ्यातला पट्टा उसवला म्हणून आपणहून शिवायला बसली, त्या दिवशी भावजी दुकानात येऊन उगाचच उभे राहिले. काही घेतलं नाही. मी ओळखलं, माणूस खूश आहे.

जुलैत एक दिवस ते पुन्हा दुकानात आले आणि पिवळ्या रंगाच्या डब्यावर बोट ठेवलं. मी विचारलं, कशाला? त्यांनी हनुवटीने घराकडे दाखवलं. संध्याकाळी ताईकडे गेले तर बिबियानेच्या खोलीतलं सगळं सामान बाहेर, आणि भावजी आत भिंत घासतायत. ताईने त्यांना एकेक विचारून काढलं होतं. माइकेनने विचारलं का? भुवया वर. इथे राहायचं म्हणते? वर. हिवाळ्यात? पुन्हा वर. ताईने मला सविस्तर सांगितलं: पिवळं घर हिवाळ्यात बंद असतं, नळ गोठतात. माइकेनला बर्फाखाली विलो कसा जगतो ते बघायचंय. भर हिवाळ्यात आमच्याकडे सूर्य उगवतच नाही, तो परत आला की ती येणार, बर्फ वितळेपर्यंत ह्यांच्याकडे राहणार, आणि दरीत जायचं तर कुत्र्यांच्या गाडीनेच जाणार. दुसऱ्या कोणाच्या घरात जागा नव्हतीच. ताईने तेव्हाच सीलचं कातडं काढून बूट शिवायला घेतले. माप कुठून आणलं म्हटलं, तर म्हणाली, "रोज दारात तिचे बूट काढलेले असतात. मला काय डोळे नाहीत?"

एवढं सगळं झालं आणि माइकेनने येणं बंद केलं.

आधी कॉफीला येईना. काम आहे म्हणायची. मग गावातल्याच एनोकच्या होडीतून दरीत जायला लागली. एनोकची होडी मोठी आहे, सामान जास्त मावतं, असं कारण. भावजी धक्क्यावर होडीचा दोर हातात घेऊन उभे, आणि ही मान खाली घालून पुढे जाते, हे मी दुकानाच्या खिडकीतून पाहिलं. भावजींनी दोर सोडला आणि मासे धरायला निघून गेले.

खोलीच्या तीन भिंती पिवळ्या झाल्या होत्या. चौथी तशीच राहिली.

मी ताईला म्हटलं, मी विचारते पोरीला, हे काय चाललंय. ताई म्हणाली, खबरदार. तिचा विचार बदलला असेल. माणसाला विचार बदलता येतो. आपण मागे लागायचं नाही. आमच्यात तसंच आहे. एकदा झालेली गोष्ट उकरून विचारणं म्हणजे माणसाला भिंतीला टेकवणं. मी दुकानात माइकेनला ओटचे डबे देताना जीभ चावून गप्प बसले, आणि गप्प बसणं मला मानवत नाही. अंगाला खाज सुटते.

ऑगस्टच्या शेवटी निरोपाचा दिवस आला. दुपारी शहराकडे जाणारी मोठी बोट येणार होती, म्हणून सकाळपासून ताईकडे कॉफी मांडली. सगळ्या गावाला दार उघडं. लोक येतात, बूट दारात काढतात, बसतात, खातात, आणि पुढच्यासाठी जागा करून उठतात. ताईने रानातल्या बेरींचा केक केला होता, मी व्हेलचं कातडं खायला कापून ठेवलं होतं, एनोकच्या बायकोने सुके मासे आणले. भावजी मात्र घरात नव्हते. पहाटेच गळ घेऊन निघून गेले होते, आणि बाहेर धुकं उतरत होतं. कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांना समजलं.

विद्यार्थी आले. थोरकिलनी दर वर्षीचं भाषण केलं, आम्ही दर वर्षीसारखं ते ऐकलं. पोरं गळ्यात पडली, बूट घालून गेली. माइकेन सर्वांत शेवटी उठली. तिने ताईचे दोन्ही हात धरले आणि आमच्या भाषेतला मोठा निरोप घेतला: "सुखाने जगा."

आता, निरोप आमच्याकडे दोन आहेत. रोजचा आहे 'भेटू'. उद्या भेटणार असाल, पुढच्या वर्षी भेटणार असाल, तरी 'भेटू'. 'सुखाने जगा' हा लांबचा. पुन्हा गाठ पडायची नाही असं वाटलं तर तो म्हणायचा. ती आमची भाषा नीट शिकली होती, चुकून म्हणाली असं म्हणायलाही जागा नव्हती. ताईचा चेहरा पडला. माझा मात्र बांध फुटला.

"एवढा मोठा निरोप कशाला गं?" मी म्हटलं. "सूर्याबरोबर परत येणार होतीस ना?"

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी असती तर बाहेर गेली असती.

माइकेन म्हणाली, "कुठे येऊ, रोसिने? बोआस नको म्हणाले."

"नाक आक्रसलं?"

"नाही. काहीच केलं नाही. मी विचारलं, ते नुसते बघत राहिले, मग उठून होडीकडे गेले. तुमच्यात तोंडावर नाही म्हणत नाहीत, एवढं मला आता कळतं. पुन्हा विचारून त्यांची अडचण कशाला करू? आणि नंतर त्यांच्या होडीत बसवेना. लाज वाटायला लागली."

म्हणजे पोरगी पुरती आमची झाली होती, आणि नेमकी नको तिथे झाली होती. परक्या मुलीने सरळ पुन्हा विचारलं असतं आणि विषय संपला असता.

ताईने हातातली किटली खाली ठेवली. तिला काहीतरी सुचलं होतं. "कुठे विचारलंस?" ती म्हणाली.

"दरीत. विलोपाशी."

"डास होते?"

माइकेनला हसू आलं. "डास? अहो, त्या दिवशी तर आम्ही सगळेच जाळ्या..."

आणि ती थांबली.

डासांची जाळी तुम्ही पाहिली नसेल तर सांगते. काळी, बारीक विणीची, टोपीवरून घालून गळ्याशी आवळायची. आतला माणूस हसतोय की झोपलाय, बाहेरच्याला पत्ता लागत नाही. त्या जाळीच्या आत माझ्या भावजींनी भुवया वर केल्या होत्या. लग्नात केल्या होत्या तशाच, केसांना टेकतील इतक्या. उत्तर दिलं, काम झालं, असं समजून ते हलक्या मनाने होडीकडे गेले होते, घरी जाऊन खोली रिकामी करायला. आम्हाला आमचा चेहरा आतून दिसतो, जाळी बाहेरून दिसत नाही.

मी टेबल धरून हसले. पोटात दुखेपर्यंत हसले. ताई हसली नाही, तिने माइकेनचं मनगट धरून तिला खोलीत नेलं. तीन पिवळ्या भिंती, खिडकीला नवा पडदा, पलंगावर सीलच्या कातड्याचे बूट. माइकेनने चौथ्या भिंतीकडे पाहिलं.

"ही राहिली?"

"तू एनोकच्या होडीत बसायला लागलीस," ताई म्हणाली, "तेव्हा थांबले."

माइकेन पलंगावर बसली आणि बूट मांडीवर घेऊन रडली. मला वाटलं, चला, मिटलं. पण ती डोळे पुसून म्हणाली, तो हो तेव्हाचा होता. त्यानंतर मी त्यांना महिनाभर तोंड चुकवलं. आज ते निरोपालाही थांबले नाहीत. घर त्यांचं आहे, दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून मी इथे सामान टाकणार नाही. त्यांनाच विचारायला हवं. ताई म्हणाली, "अगं, होकार काय शिळा होतो? खाऊन बघ, काही होत नाही." पण तिलाही पटलं होतं. दुसऱ्याच्या शब्दावर राहणं काय असतं, ते ताईइतकं कोणाला ठाऊक?

ताईने रेडिओ उचलला. "अहो," ती म्हणाली, "पोरगी रुसली नव्हती. तिला दिसलं नाही. तुमच्या तोंडावर जाळी होती. ऐकताय ना?"

टक टक.

"बोट सुटायच्या आत येताय का?"

टक टक.

"हो की नाही ते एकदा तोंडाने सांगाल का?"

ताईने रेडिओ कानाशी नेला. मग टक टक.

आमच्या गावात रेडिओ घराघरांत दिवसभर चालू असतो. त्यामुळे आम्ही धक्क्यावर पोचलो तोवर सगळं गाव तिथे हजर. ज्यांनी सकाळीच निरोप घेतला होता तेही पुन्हा आले होते. मोठी बोट लागली होती. धुकं दाट होत होतं आणि बोटीच्या कप्तानाला थांबायची सोय नव्हती. थोरकिलनी पोरं मोजली, पेट्या मोजल्या. माइकेन सगळ्यांत शेवटी चढली, बूट काखेत धरून. ते ठेवू की नेऊ, असं तिने ताईला विचारलं होतं, आणि ताई समुद्राकडे बघायला लागली होती. दोर सुटला. बोट मागे सरली. समुद्रावर काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. खोकल्यासारखं थांबत थांबत चालणारं ते इंजिन गावात कोणालाही ओळखू येतं. बंदराच्या तोंडाशी धुक्यात एक करडा ठिपका दिसायला लागला. कप्तानाने बोट हळू केली. रेडिओ त्यानेही ऐकलेला असणार. माइकेन कठड्यावरून वाकली आणि आमच्या भाषेत, एकेक शब्द तोडून, ओरडून विचारलं, "बोआस, सूर्य आला की मी तुमच्याकडे राहायला येऊ का?"

भावजी होडीत उभे राहिले. त्यांनी काय केलं असणार ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

"दिसत नाही," माइकेन ओरडली.

भावजींनी अंगरख्याची टोपी मागे ढकलली. आतली लोकरी टोपीही काढली. पण धुक्याला काय त्याचं? करड्यात करडं. धक्क्यावर मी इकडेतिकडे पाहिलं तर सगळं गाव, म्हातारेकोतारे, एनोक, त्याची बायको, सगळ्यांच्या भुवया कपाळावर चढलेल्या, जणू सगळ्यांनी मिळून लावल्या तर तिथपर्यंत पोचतील.

आणि मग आवाज आला. "हो."

पहिला अगदी बारीक, चिरका. हिवाळाभर बंद राहिलेलं दार उघडावं तसा. मग दुसरा, मोठा. "हो." मग माणसाला चव लागली असावी, कारण तिसरा हो असा आला की खडकांवर बांधलेली कुत्री उठून उभी राहिली आणि एका सुरात रडायला लागली. "हो. ये. हो."

माइकेनने दोन्ही हात वर केले, एकेका हातात एकेक बूट. "भेटू," ती ओरडली. छोटा निरोप. बोट धुक्यात गेली तरी तिचा 'भेटू' येत राहिला. मला रडू आलं, आणि मी ते पुसलंही नाही.

ताई माझ्या शेजारी हात बांधून उभी होती. "आवाज बरा आहे की," एवढंच म्हणाली.

संध्याकाळच्या आत भावजी घरी आले. मासे बाहेर ठेवले, हात धुतले, टेबलाशी आपल्या जागेवर बसले. मी शेवटच्या बशा पुसत होते. येता येता धक्क्यावर लोकांनी त्यांना भरपूर छळलं असणार. कान लाल झाले होते, पण चेहरा सुखी होता. ताई चुलीशी होती, आमच्याकडे पाठ करून.

"कॉफी देऊ?" तिने विचारलं.

भावजींच्या भुवया वर गेल्या. मी पाहिल्या. ताई वळली नाही.

"मला दिसलं नाही," ती म्हणाली. "तेव्हाही नव्हतं दिसलं."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या बशीकडे पाहिलं. कोणीतरी साक्ष द्यावी अशी त्यांची इच्छा होती, पण ह्या बाबतीत मी मेले तरी साक्ष देणार नव्हते. ते उठले. चुलीपाशी गेले, ताईच्या मागे उभे राहिले, आणि मला जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, "हो."

ताई तशीच उभी राहिली. तिने बाहीने डोळे पुसले, मग किटली उचलली. खाऊन झालं की उठायचं, जागा करून द्यायची, ही आमची रीत आहे. मी बशी ठेवली आणि दारात जाऊन माझे बूट शोधायला लागले.